उज्जीया राजाची अडवणूक

राजा धुपाटणं घेऊन देवळात शिरायला निघाला आणि मुख्य याजक भिवा चटकन बाजूला सरकला. सरकताना झग्याच्या काठाला लावलेले घुंगरू खळाखळा वाजले, त्यामुळे सरकलोच नाही असं म्हणायची सोयही उरली नाही.

“अरे आडव ना बाबा,” याकोब मास्तरांनी कपाळावर हात मारला. “त्यासाठीच तर तुला दारात उभं केलंय.”

“आडवूनच राह्यलो व्हतो मास्तर. पाय सरकले.”

“पाय तुझेच ना?”

“आता माझेच म्हनायचे,” भिवा म्हणाला.

राजा म्हणजे बद्रीनाथ पाटील. गावची निम्मी काळी जमीन त्यांची आणि भिवा त्यांच्याकडे सालगडी. पाटलांची वाट अडवायची नसते, हे भिवाच्या पायांना डोक्याच्या आधीच कळलेलं. पाटलांचे वडील समोरून आले की भिवाचा बाप बांधावरून खाली उतरायचा. आजा तर म्हणे थेट नाल्यात उतरायचा. भिवाच्या पिढीपर्यंत सुधारणा झाली ती एवढीच, की तो नुसता कडेला होई.

वाटूरच्या अलीकडे, रस्त्याच्या खालच्या अंगाला ख्रिस्ती मंडळींची वस्ती होती. तिथं पत्र्याच्या छपराचं, चुना लावलेलं त्यांचं छोटं देऊळ. बहात्तरच्या दुष्काळात बंद पडलेला हंगामाचा सण यंदा पुन्हा करायचा, प्रार्थना चालवायला जालन्याहून पाळकसाहेबांना बोलवायचं आणि सणाला नाटक बसवायचं, असं मंडळींनी ठरवलं. नाटकाचं घोंगडं अर्थातच याकोब मास्तरांच्या गळ्यात पडलं. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले आणि अंगानं काडी, पण शास्त्रातला काना-मात्रा कुणी हलवला तर त्याची खैर नसे. त्यांनी जुन्या इस्राएलातल्या उज्जीया राजाची गोष्ट निवडली.

राजा म्हटला की खुर्ची आली, जरीचा कोट आला, तलवार आली. हे सगळं एकाच घरी. मास्तर पाटलांकडे गेले.

“कसा व्हता हा राजा?” पाटलांनी विचारलं.

“फार मोठा, पाटील. माळरानात विहिरी खणल्या, गुरंढोरं राखली, मळे लावले. मातीवर त्याचा जीवच होता.”

“म्हंजे आपल्यासारखाच की.”

“थोडाफार.”

“मंग राजा मीच व्हतो. खुर्ची माझी, कोट माझा, न् बसनार दुसराच, हे कसं जमंल?”

पाटलांना नाही म्हणण्याची रीत गावात नव्हती. शिवाय खुर्चीसोबत गॅसबत्तीही मिळत होती. मास्तर खुशीत म्हणाले, “आणि मग तो देवळात धूप जाळायला जातो.” पाटलांनी मान हलवली. राजा देवळात जातो, यात सांगण्यासारखं काय आहे? मारुतीपुढं पहिला नारळ त्यांचाच फुटे. पुढची गोष्ट मास्तरांनी सांगितली नाही आणि ती त्यांना पहिल्याच तालमीत भोवली.

“थांबा थांबा,” पाटील म्हणाले होते. “गुरव राजाला आडवतो?”

“तिकडं धूप जाळण्याचा हक्क एकाच कुळाचा, पाटील. राजा गादीवर मोठा, पण गाभाऱ्यातल्या कामाला त्यानं हात लावायचा नाही.”

“अन् लावला तं?”

“कोड फुटतं.”

“कुनाला?”

“राजाला. कपाळावर.”

पाटलांनी स्वतःचं कपाळ चाचपलं. मग म्हणाले, “आमच्या सात पिढ्यांत कुनाला कोड न्हाई. तळपायाला फुटू द्या. दिसनार बी न्हाई.”

“शास्त्रात कपाळ आहे.”

“दंडाला?”

“कपाळ, पाटील.”

पाटील तरातरा घरी गेले आणि त्यांच्या मागोमाग खुर्चीही गेली. वस्तीला वाटलं, संपलं नाटक. पण दुसऱ्या दिवशी खुर्ची परत आली आणि खुर्चीमागून पाटील. झालं होतं असं, की घरी आरशासमोर त्यांनी सहज कपाळाला जोंधळ्याचं पीठ लावून पाहिलं, हातातलं धुपाटणं सोडून दिलं आणि एक किंकाळी मारली. ती ऐकून पाटलीणबाई द्वारकाबाई चुलीपुढून धावत आल्या आणि त्यांना पाहून मटकन खालीच बसल्या. गावात कुठलंही नाटक असो, राजा पाटीलच असत. पण ते राजे नुसते खुर्चीत बसून हुकूम सोडायचे. माणसं मटकन खाली बसावीत असं काम त्यांना आजवर मिळालंच नव्हतं. आता पाटलांना कोड हवंच होतं.

राहिला प्रश्न भिवाचा.

भिवाला हे काम मनापासून हवं होतं. एकदा, जन्मात एकदाच, पाटलांच्या तोंडावर ‘थांबा’ म्हणून पाहावं असं त्याला फार वाटे. त्याच्या मागं त्याचा मेहुणा तातेराव टपून होता. तातेराव परतूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, त्यामुळे पाटलांच्या बापाला भ्यायचं त्याला कारण नव्हतं.

“दाजी, जमत नसंल तं झगा मला द्या,” तो येता-जाता म्हणे. “मी एका हाकेत राजाला परतूरपत्तोर पाठीवतो.”

झगा द्यायला भिवाची बायको गिरिजाबाई तयार नव्हती. तिनं स्वतःची निळी साडी फाडून तो शिवला होता. मुख्य याजकाच्या झग्याच्या काठाला डाळिंबं आणि घुंगरू असतात असं मास्तरांनी सांगितल्यावर तिनं चिंध्यांची डाळिंबं केली आणि घुंगरू बैलांच्या जुन्या माळेतले काढून लावले. सख्खा असला तरी भावासाठी तिनं साडी फाडली नव्हती.

“अवो, मला राजा समजा,” ती घरी म्हणाली आणि पळी घेऊन चालत आली. “हं, म्हना.”

गिरिजाबाईला ‘बाहीर व्हय’ म्हणण्याची त्याची कधी छाती झाली नव्हती, आणि घर तिच्याच बापाच्या जागेत होतं. शेवटी त्यानं पाटलांच्या रानात पाटलांच्याच बैलासमोर उभं राहून तालीम केली.

“बैल बराबर थांबला,” त्यानं घरी येऊन सांगितलं.

“बैलाला कोड फुटलं का?”



आजची तालीम शेवटची होती आणि तीही फुकट गेली. मास्तरांनी चष्मा पुसला. “हे बघ भिवा, उद्या तुझ्या पाठीशी दुसरा याजक म्हणून तातेरावाला उभा करतो. तू सरकलास तर तो पुढं होईल. सणाची अब्रू आहे. मला वाईट वाटतं, पण काय करू?”

भिवानं मान हलवली. झगा काढून त्यानं काखेत मारला आणि घरची वाट धरली.

सणाच्या दिवशी संध्याकाळी देवळात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दाणे, भोपळे, गुळाच्या ढेपी वेदीपुढं मांडलेल्या. पाळकसाहेब पुढच्या बाकावर. खिडक्यांना बाहेरून वरचं गाव लोंबकळत होतं, कारण पाटलांना कोड फुटणार ही बातमी आठवडाभर आधीच फुटली होती.

पहिला अर्धा भाग पाटलांनी खाऊन टाकला. राजाला विहिरी खणायच्या होत्या, त्या त्यांनी खणल्याच, वर हुकूमही सोडला, “पाच हार्सपावरचं इंजन बसवा रे हिच्यावर.” मास्तरांनी डोळे मिटून घेतले. गाव टाळ्या वाजवत राहिलं.

मग राजाला गर्व झाला. तो बाहेर गेला आणि धुपाटणं घेऊन वेदीजवळच्या बाजूच्या दारानं आत येऊ लागला. दारात निळ्या झग्यात भिवा उभा होता.

घुंगरू वाजले.

पाटील थेट वेदीपुढं जाऊन पोचले. कुणी अडवलं नाही, कुणी बोललं नाही. धूर वर चढत होता, आणि मुठीतलं पीठ कपाळाला कधी फासावं हे त्यांना कळेना, कारण अडवल्याशिवाय कोड फुटायचं नव्हतं. पाळकसाहेब खोकले. तातेराव बाह्या सारून एक पाऊल पुढं आला. गिरिजाबाईनं मान खाली घातली.

तातेराव तोंड उघडणार, तोच पाटील मागं वळले, संथ पावलं टाकत बाहेर गेले आणि पुन्हा आत यायला निघाले. घुंगरू पुन्हा हलके वाजू लागले. पाटील उंबऱ्यातच थांबले आणि मिशांतल्या मिशांत म्हणाले,

“भिवा, आडव की रे. माझं कोड वाया जाऊन राह्यलंय.”

आता हा हुकूम होता, आणि पाटलांचा हुकूम भिवानं कधी मोडला नव्हता. पाय जागच्या जागी रुतले. पण पाय थांबले आणि पाठ केलेलं वाक्य मात्र पार पुसून गेलं.

“मालक,” तो म्हणाला. “थांबा.”

आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला नाही. त्यानं श्वास घेतला.

“थांबा म्हनलं ना. रान तुमचं हाये. मारुतीपुढं पयला नारळ तुमचा हाये. हितं तुमचं काम न्हाई. बाहीर व्हा.”

यातलं एक अक्षरही मास्तरांनी लिहिलेलं नव्हतं. पाटलांच्या चेहऱ्यावरचा राजा क्षणभर कुठंतरी गेला आणि मागं नुसते पाटील राहिले. त्यांचं पुढचं वाक्य मात्र नाटकातलंच होतं. ते गर्जना करून म्हणायचं होतं, ते त्यांनी हळू म्हटलं.

“मला आडवनारा तू कोन?”

“मी हितला,” भिवा म्हणाला.

पाटलांनी कपाळावर हात मारून घेतला. हात खाली आला तेव्हा कपाळ पांढरंफटक होतं. धुपाटणं दाणकन पडलं, आणि जी किंकाळी ऐकून द्वारकाबाई धावत आल्या होत्या ती पाटलांनी अशी काही मारली, की बायकांनी पोरं पोटाशी धरली आणि तातेराव दोन पावलं मागं सरला. याजकांनी राजाला बाहेर काढलं. भिवानं दार लावलं आणि कडी घातली.

टाळ्या थांबेनात. तातेरावसुद्धा वाजवत होता. पाळकसाहेबांनी आशीर्वादाची प्रार्थना केली. आता पाटलांना नारळ आणि शेला द्यायचा होता. मास्तरांनी भिवाला दार उघडायची खूण केली. तेवढ्यात दारावर थाप पडली.

“भिवा, झालं की नाटक. उघड.”

भिवाचा हात कडीवर गेला आणि तिथंच राहिला. त्याला दरदरून घाम फुटला होता. पण एवढा आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता, आणि तो इतक्यात संपवायचा त्याचा जीव होईना.

“उघडता येत न्हाई मालक,” तो दाराशी तोंड नेऊन म्हणाला. “राजा मरस्तोवर बाहीरच ऱ्हायला. शास्त्रात तसं हाये.”

मास्तरांनी तोंड उघडलं. पण शास्त्रात तसंच होतं आणि भिवाला ते त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेब छपराचे पत्रे पाहत होते. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. उद्या सकाळी भिवाला पाटलांच्याच रानात पाणी धरायला जायचं होतं, हे देवळातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मग दारापलीकडे कुणी पायरीवर बसल्याचा आवाज आला.

“किती सालं जगला रे हा गडी असा बाहीर?”

“लई, मालक.”

“मंग चहा तरी धाडा. वरडून घसा बसला माझा.”

देवळात कुणी हललं नाही. या वस्तीत पाटलांनी आजवर पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तालमीच्या दिवसांतही त्यांचा तांब्या घरून येत असे. गिरिजाबाई पदर खोचत दाराशी आली.

“पाटील, तुमच्या घरून आनवू का? हितला चहा आमच्या हातचा हाये.”

“कोड झाल्याल्या राजाला कोन इचारतं, हात कुनाचा म्हून?” पाटलांचा घोगरा आवाज आला. “आन जल्दी. थंडी वाजून राह्यली.”

गिरिजाबाईनं कपबशी काढली. ती स्वच्छच होती, तरी तिनं ती पुन्हा धुतली, पदरानं पुसली आणि चहा काठोकाठ ओतला. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. भिवानं कडी काढली आणि ती कपबशी घेऊन बाहेर जाऊ शकेल एवढंच दार उघडलं.