सूर उतरेपर्यंत

माझा नवरा हागोप हट्टी आहे आणि त्याच्याहून हट्टी मी आहे. म्हणून तर आमचा संसार टिकला.

तरुणपणी त्याने सैन्याच्या एका प्रायोगिक उपग्रहाचा ट्रान्समीटर बांधला. उपग्रह वर गेला, थोडे दिवस बोलला आणि मुका झाला. प्रयोगशाळेतल्या साहेबांनी खापर ट्रान्समीटरवर फोडलं. हागोपने ते निमूट मानलं आणि रेडिओचं नावच टाकलं. हौशी रेडिओचा परवाना माझ्याकडेही होता. मी काही सोडलं नाही. उपग्रह अजून वर फिरतच होता, आणि मला ते खापर कधीच पटलं नव्हतं.

या वसंतात तो मला रेडिओवर शीळ घालताना सापडला. कक्षा ताडून पाहिली, तोच. खोट होती बॅटरीत. सगळी वीज तीच गिळत बसली होती. आता ती आतून तुटली असणार, म्हणून ऊन पडलं की वीज थेट ट्रान्समीटरला मिळते आणि तो बोलतो.

"हागोप, वर ये! तुझं पोर बोलतंय."

"माझं पोर केव्हाच मेलं, सिरान. तुझी कॉफी उतू जातेय ते बघ."

भर दुपारी त्याला ओढत पोटमाळ्यावर आणलं आणि हेडफोन चढवले. मला स्पीकरवर शीळ स्वच्छ ऐकू येत होती.

"काय ऐकू येतंय?"

"तुझी बडबड."

"नीट ऐक रे!"

"नुसती खरखर आहे. म्हातारपणी माझी समजूत काढायला निघालीस होय?" त्याने हेडफोन काढायला हात वर नेला.

मी घाबरले. आज उठून गेला असता तर पुन्हा कधी हा जिना चढला नसता. उपग्रह पुढे सरकतो तसा त्याचा सूर उतरत जातो, आणि आम्हा रेडिओवाल्यांची बोटं आपोआप बटण फिरवून तो पुन्हा कानाला गोड लागेल तिथे आणतात. मीही तेच करत होते. पण गोड कुणाच्या कानाला? माझ्या! हागोपला बारीक, उंच सूर ऐकू येईनासे होऊन जमाना झाला. दारावरची घंटासुद्धा मीच ऐकते.

मी हात मांडीखाली दाबला.

"हात का काढलास? तुझा तो सूर निसटेल ना!"

"निसटू दे. होकीस," मी आमच्या आर्मेनियन लाडाच्या शब्दाने विनवलं, "माझ्या राजा, जरा दम धर."

शीळ उतरत गेली, जाड होत गेली. हागोपचा हात हवेतच थांबला.

"डगमगतोय," तो पुटपुटला. "गिरक्या खातोय बिचारा. पण आवाज बघ, कुठे फाटलेला नाही. सिरान, हा माझाच!"

शीळ विरली. हागोप ढसाढसा रडला. मीही रडले, लाज कसली?

"हजारदा सांगितलं होतं तुला," मी म्हणाले, "तुझी चूक नव्हती."

"तू बायको आहेस, तू तसंच म्हणणार." त्याने नाक पुसलं. "त्या पोराला कुणाची भीड?"