डॉक्टरच्या विटा

पंकजाच्या पलंगाला उशाकडून तीन-तीन विटांची टेकण होती आणि त्या विटांवर तिच्या आजोबांचा, रंगनाथआबांचा, भारी राग होता. निदान चारचौघांत तरी. पारावर बसले की ते हमखास म्हणायचे, "आमची नात झोपत न्हाई, घसरगुंडी खेळती." पार खदाखदा हसायचा.

पंकजाची अन्ननलिका जन्मताच तुटक होती, पोटाला जोडलेलीच नव्हती. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून ती जोडली आणि पोर वाचली. आता ती तेरा वर्षांची धटिंगण झाली, पण जोडलेली नळी आळशी ती आळशीच राहिली. आडवं झालं की पोटातलं आंबट वर चढायचं, छाती जळायची आणि मग खोकला. म्हणून सकाळी अनशापोटी गोळी, घासागणिक पाणी, दिवेलागणीलाच जेवण आणि झोपताना उसं उंच. किती उंच, असं तिच्या आईनं, रुपालीनं, विचारलं तेव्हा डॉक्टरांनी दवाखान्याच्या बांधकामावरच्या सहा विटा स्वतःच्या हातानं रचून दाखवल्या आणि हसत हसत गाडीत टाकून दिल्या.

पंकजा हे सगळं नेमानं पाळायची, कुणी बघत असलं तर. कुणी बघत नसलं की ठेच्याच्या वाटीत बोट, आणि पकडली गेली की शप्पथ. तिच्या शपथांची घरात काय किंमत होती ते सांगायला नको.

अशात शाळेची सहल निघाली. खर्ड्याचा किल्ला, आणि तिथल्या शाळेत मुक्काम. पारनेर तालुक्याबाहेर पंकजा आजवर फक्त दवाखान्यासाठी गेलेली. रुपालीनं अट घातली, "तवर राती खोकला आला न्हाई, तर जा."

पंकजा इतकी शहाण्यासारखी वागायला लागली की रुपालीला घोर लागला. ठेच्याकडे बघणं नाही की काही नाही. आणि नेमका तेव्हाच खोकला परतला. आधी जरासा, मग रोजचा.

"ठेचा खाल्लास."

"न्हाई गं आई, शप्पथ."

"तुझी शप्पथ ठेव तुझ्यापाशी. खर्डा ऱ्हायलं आता."

आयुष्यात पहिल्यांदा चोरी केली नव्हती, आणि शिक्षा मात्र याच खेपेला झाली. पंकजाला रडू आलं, आणि रडून झाल्यावर राग. या रागातच ती दुपारी पलंगाखाली शिरली. सहलीसाठी राखून ठेवलेली मसाला शेंगदाण्यांची पुडी तिनं विटांमागे लपवली होती. आता सहलच नाही, तर खाऊनच टाकू, असा विचार.

पुडी जागच्या जागी होती. विटा नव्हत्या. दोन्ही पायांखाली एकेकच उरली होती.

तिनं आईला हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पलंगाखाली काय करत होतीस, हा पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग तिनं फरशी नीट बघितली. तांबड्या चुऱ्याची बारीक रेघ थेट पडवीत गेली होती, आबांच्या बाजेपर्यंत. दुपारच्या उकाड्यातही बाजेच्या उशाकडून जमिनीपर्यंत घोंगडी सोडलेली. तिनं घोंगडी उचलली.

"आबा, ह्या कुनाच्या?"

आबा नुकतेच लवंडले होते. ते उठून बसले. आधी खाकरले, मग छपराकडे बघितलं. "एकेक करून नेल्या गं. म्हनलं, तुला आता बरं हाय, कमीवर भागंल."

"गावात इटा काय कमी हायेत का?"

"त्यांला त्या डॉक्टरचा हातगुण न्हाई," आबा हळूच म्हणाले. "राती लई जळतंय. पार नरड्यापत्तुर."

"आंबट पानी येतं तोंडात? उठून बसलं की जरा थांबतं?"

आबांनी मान हलवली. पंकजा चांगली भांडायला आली होती, पण तिला भांडताच येईना. हे जळणं कसं असतं ते घरात आजवर तिला एकटीलाच ठाऊक होतं. आबांचा राग आला होता तितकीच आता मायाही वाटली, आणि हे दोन्ही एकदम आल्यानं तिची पंचाईत झाली.

"आईला तुमी सांगायचं," ती शेवटी म्हणाली. "मी सांगितलं तर कोन खरं मानतंय."

"सुनंम्होरं? माझी काय इज्जत ऱ्हाईल?"

"मग मी खर्ड्याला न्हाई जात."

एवढं बोलून ती आत गेली. संध्याकाळी दिवेलागणीला ती एकटीच जेवायला बसली, तर आबा पाट ओढून शेजारी बसले. "रुपाली, मलाबी आत्ताच वाढ. आन् इटा मी नेल्यात. पोरीनं काय खाल्लं न्हवतं."

रुपालीच्या हातातला डाव तसाच राहिला. मग ती म्हणाली, "उद्या तुमाला दवाखान्यात दाखवायचं, आबा." आणि पंकजाकडे वळून, "आधी खोकला थांबू दे, मग बघू." आबांना गोळ्या सुरू झाल्या. विटा पलंगाखाली परतल्या आणि खोकला गेला.

सहलीच्या सकाळी गाडी पारापाशीच उभी होती. आबा पोतं ओढत आले. अजिनाथ सरांनी आत डोकावून बघितलं. "आबा, किल्ल्यावर चाललोय आम्ही. तिथं दगडांना काय तोटा? खाट सांगून ठेवलीय, लावू की खाली."

"ते दगड हायेत, सर. ह्या डॉक्टरच्या हायेत."

पंकजानं पोत्यातून दोन विटा काढल्या आणि आबांच्या दोन्ही हातांत एकेक ठेवली. खिशातली शेंगदाण्यांची पुडी काढून एका विटेवर ठेवली. "पुडी आईला द्या. इटा तुमाला. दिवेलागणीला जेवायचं, मी फोन करून इचारीन."

गाडी निघाली. आबा दोन हातांत दोन विटा घेऊन उभे, आणि सगळा पार बघतोय.

"काय आबा, कट्टा बांधताय का?" कुणीतरी विचारलं.

आबांनी विटा छातीशी धरल्या. "न्हाई," ते म्हणाले, "घसरगुंडी."