सकाळी सहा बावन्नचं लगन

लग्नपत्रिकेवर मुहूर्त मिनिटासकट छापायची आपल्याकडे भारी हौस. अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटं, बारा वाजून नऊ मिनिटं. त्या मिनिटाला लागलेलं एक तरी लग्न भंडारा जिल्ह्यात कुणी पाहिलं असेल, तर त्याने पुढे यावं, शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार करू. अकरा सत्तेचाळीसला बरात अजून मारुतीच्या देवळापाशी नाचत असते. वर मे महिन्याचं ऊन, खाली वितळलेलं डांबर, मध्ये डीजे. आणि मुलीचा बाप रात्रीपासून निर्जळी उपास धरून, डोक्याला फेटा बांधून, हातात पाण्याचा तांब्या घेऊन सामोरा उभा. लग्न लागतं दोन वाजता, पंगत बसते चारला, आणि पाच वाजता कुणाला तरी सलाईन लागलेली असते. याला म्हणायचं शुभमुहूर्त.

बपेरा गावच्या डिंपलने ठरवलं होतं, की आपल्या लग्नात हे होऊ द्यायचं नाही.

डिंपल तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स. उन्हाळा आला की तिथे ऊन लागलेल्यांसाठी एक खोली वेगळी काढतात. दोन कूलर, बर्फ, ओल्या चादरी. मागच्या मे महिन्यात तिची तिथे ड्यूटी असताना दुपारी तीन वाजता चार जणांनी एका माणसाला उचलून आणलं. अंगात कोरा सदरा, तोंडावर ओला दुपट्टा, गळ्याशी अडकलेल्या अक्षता. ताप एकशे सहा. तिने तोंडावरचा दुपट्टा बाजूला केला आणि पाहिलं, तर तो तिचा बाप होता.

जागेश्वर भाचीच्या, चंदाच्या लग्नाला गेला होता. मामा म्हणून उपास, मामा म्हणून नवरीच्या पाठीशी उभं राहणं. पाचव्या मंगलाष्टकाला तो आडवा झाला. पुढचे दोन दिवस तो डिंपलला आपली मेलेली बहीण समजून बोलत होता. वाचला, पण किडनीला धक्का बसला तो बसलाच. सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, ऊन आणि उपास पुन्हा एकत्र झाले, तर माझ्याच्याने काही व्हायचं नाही.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. जागेश्वरला फक्त लाज वाटली. भाचीच्या लग्नात, चार गावांच्या देखत पडलो! त्या दिवसापासून तो स्वतःच्या पोरीच्या लग्नाची वाट पाहत होता, पुन्हा उभं राहून दाखवायला.

मार्चमध्ये बैठक झाली. मुलगा शहापूरचा, कुलदीप, वीज खात्यात लाईनमन. त्याचे वडील हिरालाल, हमरस्त्यावर हार्डवेअरचं दुकान. माणूस वाईट नव्हता, पण मुलाचा बाप होता. महाराजांनी पंचांग उघडून सव्वीस मे काढला, दुपारी बारा वाजून नऊ मिनिटं. म्हणजे ऐन नवतप्यातला, वर्षातल्या सगळ्यांत तापत्या नऊ दिवसांतला दुसरा दिवस. सगळ्यांनी माना डोलावल्या. चहा घेऊन आलेली डिंपल ट्रे ठेवून आत जाण्याऐवजी खुर्चीच्या कडेला टेकली.

“महाराज, त्याच दिवशी सकाळचा मुहूर्त हाय ना जी? सहा बावन्नचा?”

महाराजांनी चष्म्यावरून पाहिलं. होता. तिने तो आदल्या दिवशीच त्यांच्याकडून काढून घेतला होता, पण याबद्दल दोघांपैकी कुणी अवाक्षर काढलं नाही.

“सहा बावन्न?” हिरालालने कप खाली ठेवला. “त्या टाइमले आमच्याकडे म्हशी दोहतेत. लगन कोन लावते बाई?”

“डिंपल, अंदर जा,” जागेश्वर म्हणाला.

“जाते ना बाबा, बोलून जाते.” ती होणाऱ्या सासऱ्याकडे वळली. “मामाजी, दुपारी सेहेचाळीस डिग्री राह्यते. संध्याकाळी ठेवावं तं मे महिन्यात वादळ येते, मांडव उडते. माह्या बापाले मागच्या साली ऊन लागलं, तवा मीच बरफ चोळला. पुन्हा चोळाची माही तयारी नाही. सकाळचं मंजूर असन तं हो म्हना, नसन तं दुसरी पोरगी पाहा.”

बैठकीत असं कुणी बोलत नाही. पाहुण्यांनी चहात बिस्किटं बुडवली ती तिथेच राहिली. तेवढ्यात कोपऱ्यातून कुलदीप म्हणाला, “मले चालते. आमी उन्हाळ्यात खांबावरची कामं नवाच्या आतच उरकतो.” हिरालालने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो मुलीकडून आला होता. पण चार पाहुण्यांत पोराने शब्द दिलेला, मोडायचा कसा? त्याने ओठ मुडपून हो म्हटलं.

पाहुणे गेल्यावर जागेश्वरने पोरीला बजावलं. “पत्रिकेवर काही छाप. उपास मी धरनारच.”

“सहा बावन्नपर्यंतच ना?”

“लगन लागेपर्यंत.”

दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आणि दोघांनाही वाटलं, समोरच्याने ऐकलं.

सव्वीस तारखेला चार वाजता घर जागं झालं. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव रात्रीच घातला होता. साडेसहाला अख्खं गाव आंघोळी करून, पावडरी लावून हजर. बपेऱ्यात पहिल्यांदाच लग्नाला वऱ्हाडाच्या आधी पाहुणे आले होते. थंड वारा होता, म्हातारे खूश होते, बुंदीचा वास सुटला होता. सहा बावन्न आले आणि गेले. महाराज खोकले.

साडेसातला फोन लागला. बस तुमसरला चहा-समोशासाठी थांबली होती. पावणेनवाला ती मारुतीच्या देवळापाशी लागली. डीजेची गाडी सुरू झाली, पोरं उतरली, आणि नाच सुरू झाला. मारुतीपासून मांडवापर्यंत सात मिनिटांची वाट आहे. बरातीला ती दोन तास पुरते. हिरालालने मुहूर्त कबूल केला होता, वेळ नव्हे.

सव्वानऊला ऊन कौलांवर चढलं. आतल्या खोलीत डिंपल बाशिंग बांधून बसली होती. खिडकीतून तिला बाप दिसला. त्याने फेटा बांधला, तांब्या उचलला, बरातीला सामोरं जायला निघाला. दाराशी आला आणि चौकट धरून थांबला. मग चपला शोधतोय असं दाखवत खाली पाहू लागला. चपला त्याच्या पायातच होत्या.

असं चौकट धरणं डिंपलने त्या कूलरच्या खोलीत पन्नास वेळा पाहिलं होतं.  भीतीच्या मागोमाग तिला राग आला. हिरालालचा, त्या डीजेचा, आणि सगळ्यांत जास्त ह्या हट्टी म्हाताऱ्याचा, ज्याच्यावर तिचा इतका जीव होता. ती उठून दारात आडवी उभी राहिली.

“बाबा, तुमी उन्हात पाय टाकला तं हे बाशिंग मी आता सोडते.”

“मंग बरातीले सामोरं कोन जाईन? तुही माय?”

“मी जाते.”

बायका हसल्या. मग त्यांनी पाहिलं, की ती बादलीत दुपट्टा बुडवतेय, आणि हसू थांबलं. “नवरी लगनाआधी मांडवाबाहेर जात नसते वो,” एक आत्या ओरडली.

डिंपलची आई गोदावरीबाई. या सगळ्या महिन्यांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती चुलीपासून उठली, नवऱ्याच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि पोरीच्या हातात दिला. “जात नसते, ते मलेही मालूम हाय. जा तू.” मग तिने जागेश्वरला मांडवातल्या कूलरसमोरच्या खाटेवर बसवलं आणि त्याच्या धोतराच्या सोग्यावर स्वतः ऐसपैस बसली. आता त्याला उठायचं तर धोतर सोडूनच उठावं लागलं असतं.

पिवळी साडी, कपाळाला बाशिंग, डोक्यावर ओला दुपट्टा, हातात तांब्या. भर रस्त्यातून नवरी एकटी चालत येताना दिसली, तेव्हा पहिल्यांदा डीजेवाल्याने तिला पाहिलं आणि कुणी न सांगता आवाज बारीक केला. नाचणाऱ्या पोरांचे सदरे पाठीला चिकटले होते. कुलदीप उघड्या जीपमध्ये मखमली शेरवानी घालून उकडत बसला होता. हिरालाल छत्रीखाली उभा होता.

“हे काय? नवरी सामोरी येते कुठी?”

“बाबाले उन्हात येता येत नाही, म्हनून मी आली. पानी घ्या, मामाजी.”

हिरालालला इतकी तहान लागली होती, की त्याने रागाच्या आधी तांब्या तोंडाला लावला. रिकामा करून मग म्हणाला, “पोट्टे नाचून राहिले. नाचतीन, मंग येऊ.”

“नाचू द्या ना. मले बरात नाही पायजे. नवरदेव पायजे.” ती जीपकडे वळली. “उतरता का जी, का मी जाऊ?”

“उतरू नोको बे!” हिरालाल ओरडला.

कुलदीपने बापाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. जीपला इतक्या माळा गुंडाळल्या होत्या, की पायरी सापडेना. त्याने सरळ उडी मारली. “बाबूजी, मी रोज खांबावरून उतरतो. आज जीपवरून उतरलो तं काय बिघडलं?”

डिंपलने ओल्या दुपट्ट्याचं एक टोक त्याच्या डोक्यावर टाकलं आणि दोघं चालू लागले. मागे पोरांनी रिकाम्या जीपभोवती एक गाणं नाचून पाहिलं. मजा येईना. मग बरातही मुकाट्याने सावली शोधत मागून आली.

मांडवात महाराज अंतरपाट घेऊन उभे होते. “पाहून तं झालं, आता हा कायले?” असं पुटपुटत त्यांनी तरी तो धरला. गोदावरीबाईने धोतर सोडलं, तसा जागेश्वर खाटेवरून उठला. ओठ पांढरे पडले होते. डिंपल हार हातात घेऊन पाटावर उभी राहिली होती, ती खाली उतरली. तिने बापाचा हात धरला आणि पंजाच्या मागची कातडी चिमटीत उचलून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, अंगातलं पाणी आटल्याची खूण. तिने हार खाली ठेवला.

“माय, पानी आन. मीठ-साखर टाकून.”

“लगन लागू दे,” जागेश्वर म्हणाला. “पाच मिनिटं. पाच मिनिटानं मरत नाही मी.”

“चंदाच्या लगनात पाचच मिनिटं राह्यली होती, बाबा.” ती पाटावर मांडी घालून बसली. “तुमी पेत नाही, तोवर मी उभी राहत नाही.”

मांडवात एकच गलका झाला. घामाने निथळत हिरालाल पुढे आला. “आता हे काय नवीन? मुलीचा बाप पानी पेऊन कन्यादान करते कुठी? उपासानंच पुन्य लागते.”

“मामाजी, तुमी तुमसरले समोसे खाऊन आले. मुलाच्या बापानं समोसे खाचे, मुलीच्या बापानं काहून सुकाचं?”

 हे शंभर वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. दोन्हीकडचे लोक आपापल्या चपलांकडे पाहू लागले. कुलदीप मात्र शेरवानीची वरची बटणं सोडून नवरीशेजारच्या पाटावर मुकाट्याने बसला.

जागेश्वर वाकला आणि फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू बोलला.  “मले उभं राहू दे ना वो. एवढंच माह्या हातात हाय. उपाशी राहून बाप पोरगी दान करते, तवा तो बाप.”

डिंपलचे डोळे भरून आले. पण ती हळू बोलली नाही. सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

“दान कायले करता, बाबा? मी काय गाय हाय? मी माह्या पायानं चालली. दिवाळीले माह्या पायानं घरी येनार. तवा दार उघडाले मले तुमी पायजे. पुन्य नाही पायजे.”

 गोदावरीबाई गिलास घेऊन उभी होती. जागेश्वरने गिलासाकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, हिरालालकडे तर चांगलं रोखून पाहिलं. मग गिलास घेतला. पहिला घोट अडकला. दुसरा गेला. मग त्याने तो तळापर्यंत रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.

“आनखी दे.”

दोन गिलास झाले. त्याने फेट्याच्या टोकाने मिशा पुसल्या, पोरीचा दंड धरून तिला उठवलं आणि तिच्या पाठीशी ताठ उभा राहिला. डहाळ्यांमधून कवडसे पडत होते. त्याने वर पाहिलं आणि सगळा उशीर महाराजांनीच केल्यासारखा त्यांच्यावर खेकसला.

“महाराज, पाहून काय राहिले जी? ऊन चढून राहिलं! लावा लगन!”