खिशातली सरकी

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही खोटं नाही. नत्थुजींना पस्तीस वर्षं खवखवत होतं, आणि तरी माणूस अकोल्यात मानाने जगत होता. सत्कारात इतक्या शाली मिळाल्या, की त्यांच्या बायकोने, आशाबाईने, एकदा विचारलंच, "आता यांच्या गोधड्या शिवू का?" एकाहत्तरची लढाई केलेला माणूस, वर त्याच लढाईवर वऱ्हाडी बोलीत कादंबरी लिहिलेला. आणखी काय पाहिजे!

पण सगळी मेख त्या कादंबरीतच होती. तिच्यात एक शिपाई मोर्चा सोडून पळतो आणि पाठीत गोळी लागून मरतो. नत्थुजींनी त्याचं नाव ठेवलं मारोती. हा मारोती खिशात सरकी बाळगायचा आणि थंडीत म्हशीसारखी चघळत बसायचा. आता अख्ख्या दर्यापूर तालुक्यात सरकी चघळणारा फौजी एकच झाला होता, देवमन. नत्थुजींचा जोडीदार, त्याच लढाईत मेलेला. नाव बदललं, गाव बदललं, पण सरकी काही टाकवली नाही. लेखकाची जात मेली अशीच! तपशील फार चांगला होता, म्हणून ठेवला.

पस्तीस वर्षांपूर्वी पुस्तक गावात पोचलं आणि महिन्याभरात देवमनची बायको माणिकबाई पळपुट्याची बायको झाली. तिच्या मुलीचं, सीमाचं, जमलेलं लग्न मोडलं. नत्थुजींच्या कानावर हे सगळं आलं होतं. त्यांनी काय केलं? एका मुलाखतीत सांगितलं, की कादंबरीतली पात्रं काल्पनिक असतात. झालं.

यंदा अमरावतीच्या प्रकाशकाकडची प्रणाली प्रुफं घेऊन आली. "काका, विसावी आवृत्ती आहे. काही बदलायचं असेल तर आत्ताच बदला." नत्थुजींनी लाल पेन घेतला आणि जिथे जिथे सरकी होती तिथून ती उडवली. अकरा ठिकाणी. आता मारोतीत देवमन कोणाला दिसणार नव्हता. मनावरचा धोंडा उतरला म्हणे! एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण त्यांना शाबासकी हवी होती. प्रुफं पिशवीत घातली, एसटीने दर्यापूर गाठलं आणि तिथून जीपमध्ये कोंबून घेऊन माणिकबाईच्या दारात उतरले.

माणिकबाई अंगणात तूर पाखडत होती. सत्तरी उलटली होती, कंबर वाकली होती, नजर मात्र शाबूत.

"या भाऊजी. लय वर्सांनी रस्ता सापडला."

पाणी झालं, चहा झाला. नत्थुजी म्हणाले, "वहिनी, पुस्तक नव्यानं निघून राहिलं. म्या त्यात दुरुस्ती केली. आता देवमनले कोणी वळखणार नाही."

"कशी दुरुस्ती?"

"सरकी काढून टाकली."

सूप थांबलं. माणिकबाई उठून घरात गेली आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं पुस्तक घेऊन आली. पहिल्या आवृत्तीचं होतं. मधलं एक पान हळदीच्या बोटांनी पिवळं झालेलं.

"हे वाचा."

नत्थुजींना ते पान पाठ होतं. मारोती खंदकात बसून सरकी चघळतो आणि म्हणतो, घरी गेलो की बायको इचारन, माह्या म्हशीचं खाणं कोणं खाल्लं?

"लग्नाचा फोटो पुरात गेला, भाऊजी. फौजेतला बी गेला. माह्याजवळ त्याचं हे एकच पान आहे. आधी सीमा वाचून दाखवे, आता शेजारची जयवंता दाखवते. याच्या पुढचं, पळाचं पान म्या आजवर कोणाले वाचू देल्लं नाही. गावाले जे म्हणाचं ते म्हणलं, म्या हे पान आयकलं. अन् तुमी म्हणता काढून टाकलं? पयले त्याले पळपुटा केलं, आता पुसूनच टाकलं?"

नत्थुजींची मान खाली गेली.

"तो पळाला नव्हता, वहिनी."

"ते मले काय सांगता? नवरा होता माहा. मंग पळालं कोण?"

नत्थुजींनी प्रुफांची पिशवी बाजूला ठेवली.

"मी," ते म्हणाले. "गोळे पडाले लागले तसा मी उठून मांगं पळालो. देवमन मले आणाले धावला. त्यानं मले खाली पाडलं अन् माह्या अंगावर पडला. गोळी त्याच्या पाठीत लागली. माह्या वाटची होती ते."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, समजूत काढायचं तरी काम नत्थुजींना मिळालं असतं. ते पाया पडायला वाकले. तिने पाय मागे घेतले.

"पायाबियाचं राहू द्या. पेन आहे न?"

"आहे."

"मंग लिवा. सरकी जिथली तिथं ठिवा. अन् पळणाऱ्याच्या जागी तुमचं नाव टाका."

"पण वहिनी, लोक काय..." निघालंच तोंडातून! जित्याची खोड.

"लोक काय म्हणतीन, ते मले इचारा न. मले पाठ आहे."

नत्थुजींनी प्रुफं मांडीवर घेतली. अकरा ठिकाणी सरकी परत आली. मारोती खोडून देवमन झाला. आणि 'मारोती पळाला' खोडून तिथे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. एवढी कादंबरी लिहिली, पण दोन अक्षरं लिहायला इतका वेळ कधी लागला नव्हता.

माणिकबाईने कुंपणापाशी जाऊन हाक मारली. "जयवंता! ये वं इकडं. तुह्या सासऱ्याले बी आण. अकोल्याचे लेखक आले आहे, पुस्तक वाचून दाखोतात."

पाच-सात माणसं जमली. मोठा माणूस म्हणून कोणी नमस्कार केला, कोणी खुर्ची आणली. जयवंताच्या सासऱ्याने नत्थुजींशेजारी बसून मोबाइलमध्ये फोटोही काढून घेतला.

"वाचा आता," माणिकबाई म्हणाली. "जरा मोठ्यानं."

नत्थुजी उभे राहिले. जीप अजून पारापाशी उभी होती, ड्रायव्हर दर्यापूरच्या सवाऱ्या बोलावत होता. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं. मग खुर्चीची पाठ धरली आणि पान वाचलं. देवमन सरकी चघळत होता, म्हशीवरून बायकोची थट्टा करत होता. जयवंता हसली, तिलाही ते पाठ होतं. पान संपलं, तशी सवयीने ती उठायला लागली.

माणिकबाईने तिला हाताला धरून खाली बसवलं.

"बस," ती म्हणाली. "भाऊजी, आता पुढचं पान वाचा."