सातवं पाणी

खरं सांगायचं तर मी कंटाळा केला. दुसरं काही नाही. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन संपला होता, नवा आणायला दोन जिने उतरावे लागणार होते, आणि माझा पाय दुखत होता. म्हणून सरकारी नमुन्याची बाटली मी मेलीनं नळाखाली विसळली. आमच्या नळाचं पाणी इतकं क्षाराचं, की महिन्याभरात किटलीला कॅल्शियमचं पांढरं पुट चढतं. हे मला माहीत नव्हतं थोडंच? मी प्रयोगशाळेत काम करते, भाजीच्या दुकानात नाही.

आमच्या कारखान्यात दगडातून चुंबकांसाठी लागणारी पांढरी भुकटी काढतात. पूर्वी दगड परदेशी जायचा आणि तीच भुकटी आपण दामदुपटीने परत घ्यायचो. मग सरकारने ठरवलं, आपली खनिजं आपणच शुद्ध करायची, आणि त्यासाठी अनुदान सुरू केलं. पण हप्ता सोडायच्या आधी दर वेळी नमुना तपासणार. नमुन्याच्या दोन बाटल्या भरायच्या. एक सरकारी प्रयोगशाळेला, दुसरी सील करून आमच्या कपाटात.

त्या खेपेला नमुना नापास झाला. भुकटीत कॅल्शियम निघालं. कॅल्शियम राहिलं म्हणजे धुलाई कच्ची, आणि धुलाईवर होता माझा मामा. सख्खा मामा. मला इथे चिकटवलं तेही त्यानेच, साहेबांच्या मागे लागून लागून. भुकटी सात पाण्यांनी धुवायची, आणि सातवं पाणी स्वच्छ उतरलं की नाही, ते मामा नुसतं बघून सांगायचा. मी मशीनवर तपासायचे, तर त्याचंच बरोबर निघायचं. "तुझं यंत्र शिकतंय हळूहळू," म्हणायचा.

साहेबांना घाई होती. भुकटी पुन्हा धुतली, नवा नमुना पाठवला, तो पास झाला, हप्ता सुटला. फक्त सरकारला पहिल्या वेळचं कारण लेखी हवं होतं. साहेबांनी लिहिलं, 'धुलाई अपुरी', आणि मामाला गेटवर बसवलं, ट्रकचे नंबर लिहायला.

मी काय केलं? चार दिवसांनी कपाटातली बाटली गुपचूप तपासली. लख्ख! कॅल्शियमचा मागमूस नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण प्रयोगशाळेची मान्यता जाईल, माझी नोकरी जाईल, असं स्वतःला पटवत राहिले. सहा महिने! रोज सकाळी गेटवर मामा म्हणायचा, "आलीस?" आणि मी मान खाली घालून सटकायचे. लाज वाटायची, खूप वाटायची, पण तोंड काही उघडायचं नाही.

काल दुपारी मामीचा फोन आला. "अगं, तुझ्या मामांना काहीतरी झालंय. घासलेली भांडी पुन्हा पुन्हा धुतात, मोठ्याने मोजत. परवा एक कप सात वेळा धुतला. मी म्हटलं, वय झालं आता तुमचं. तर चिडलेसुद्धा नाहीत. 'असेल' म्हणाले."

मामा आणि 'असेल'! सुट्टी झाली तशी पळत त्याचं घर गाठलं.

मामा मागच्या दारी बादलीपाशी वाटी धूत बसला होता. ओठ हलत होते.

"मामा, ती बाटली मी नळाखाली विसळली होती." वाटेत जुळवलेलं सगळं विसरले, एवढंच निघालं. मग उरलेलं, कपाटातल्या बाटलीसकट, रडत रडत सांगितलं. वाटलं, कानाखाली देईल. द्यावी असंच वाटत होतं.

त्याने वाटी खाली ठेवली.

"म्हणजे सातवं पाणी मी दिलं होतं ना?"

"दिलं होतंस, मामा."

"नक्की? मला आठवेना गं. सहापर्यंत आठवायचं, पुढचं आठवायचंच नाही. तीच एक दुपार मोजतोय मी सहा महिने."

मला त्याच्याकडे बघवेना. "उद्या साहेबांना लेखी देते," मी म्हटलं. "नोकरी गेली तर गेली."

"साहेबांचं उद्या." मामा हात पुसत उठला. माझ्याकडे बघत नव्हता. "आधी आत चल. मामीला सांग."