वारा सरल्याची वेळ

मल्लिनाथरावांनी टॉवेल तोंडावर ओढला आणि आतल्या आत च्युइंगम चघळायला सुरुवात केली. शेजारच्या स्टुलावर व्याही बसले होते. मुलीच्या बापाने मुलाच्या बापासमोर रवंथ करणं शोभत नाही.

च्युइंगम शिवांगी मॅडमनी दिलं होतं. लातूरच्या त्या दवाखान्यात त्यांचं संशोधन चालू होतं: पोटाच्या ऑपरेशननंतर च्युइंगम चघळलं, तर निजलेली आतडी लवकर जागी होतात का? निम्म्या पेशंटांना च्युइंगम, निम्म्यांना नुसता धीर. वारा सरला की वेळ वहीत लिहायची. धीरवाले तिसऱ्या दिवशी मोकळे होऊन पेज पीत होते. मल्लिनाथरावांचा आज पाचवा दिवस.

"काका, वारा सरला?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई," उत्तर व्याह्यांनी दिलं. "मी कान लावूनच बसून राहिलो नं."

गुरुपादप्पा मायाळू माणूस. ऑपरेशनचं कळताच देगलूरहून पहिल्या एसटीने आले होते, ते स्टुलावरून लघवीपुरतेच उठत होते.

मॅडमनी पोटाला स्टेथोस्कोप लावला आणि कपाळाला आठी घातली. "आत तर चांगली गडबड आहे. पण पोट फुगत चाललंय. संध्याकाळपर्यंत झालं नाही तर नाकातून पुन्हा नळी. कदाचित पोटही पुन्हा उघडावं लागेल."

त्या गेल्या. उशाशी बसलेल्या सिंधुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. मग त्यांनी पदर सावरला.

"अण्णा, जरा खाली जाऊन चहा घेऊन या की."

"अशा टायमाला? आमच्या सूनबाईच्या बापाला सोडून? मी हलत न्हाई जी."

सिंधुबाई नुसत्या व्याह्यांकडे बघत राहिल्या. गुरुपादप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पलंगाकडे. चादरीखाली मल्लिनाथरावांचे पाय शाळेत उभं केल्यासारखे जुळलेले होते.

"लेकराच्या लग्नाला किती वर्सं झाली?" त्यांनी हळूच विचारलं.

"नऊ."

"नऊ वर्सांत व्याही माझ्यापुढं पाय पसरून बसले न्हाईत."

गुरुपादप्पांनी टोपी काढून पलंगाशेजारच्या कपाटावर ठेवली. खिडकीबाहेर, भाषणाला उभं राहावं इतक्या गांभीर्याने पाहिलं. एका अंगावर किंचित कलले. आणि अख्खा वॉर्ड गप्प झाला.

"देगलूरचं पाणीच तसलं," ते म्हणाले.

मल्लिनाथरावांना हसू आलं. टाके ओढले म्हणून त्यांनी उशी पोटाशी धरली, तर जास्तच आलं. आणि त्या हसण्यात, पाच दिवस अब्रूने अडवून धरलेलं सगळं, उतारावर एसटीने ब्रेक लावावा तसं लांबलचक बाहेर पडलं.

पलीकडच्या पलंगावरच्या म्हातारीने हात जोडले.

मॅडम वही घेऊन धावत आल्या. "कोणाचा?"

"दोन झाले," गुरुपादप्पांनी टोपी घातली. "पयला धरू नका. त्यो संशोधनाभायेरचा हाय."

मॅडमनी अकरा चाळीस लिहिलं. 'विलंबाचं कारण' या रकान्यापाशी पेन थबकलं. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, रकाना तसाच सोडला आणि दोन घोट चहाची परवानगी देऊन टाकली.

चहा आला. सिंधुबाईंनी बशीत ओतला आणि रीतीप्रमाणे आधी व्याह्यांपुढे धरला.

मल्लिनाथरावांनी चादरीतले पाय ऐसपैस पसरले, हात लांब करून बशी आपल्याकडे ओढली आणि भुरका मारला.

"दम धरा की, अण्णा," ते म्हणाले. "तुमचाबी नंबर लागंल."