साल कोण खातं

“तुम्ही शिक्का मारलात, म्हणून माझी बहीण मरायला बसली आहे.” शादलियाने बाटली टाइपरायटरशेजारी आपटली. “हे पहिलं वाक्य. लिही.”

नगरपालिकेच्या भिंतीला टेकून लोकांचे अर्ज लिहिणाऱ्या मुन्सिफने कागद चढवला.

“मावशी, मंत्रालयाला अर्ज म्हणजे वर ‘सन्माननीय’ घालावं लागतं.”

“घाल. तुझ्या पदरचं घाल.”

बाटलीवर डाळिंबाचं चित्र होतं. खाली छापलं होतं, ‘सालीचा अर्क. कर्करोग रोखतो.’ त्याखाली सरकारी शिक्का. धाकटी मबरूका सात महिने रोज दोन कॅप्सूल गिळत होती. तेवढ्या काळात छातीतली गाठ लिंबाएवढी झाली. ट्युनिसला गुरुवारी शस्त्रक्रिया ठरली होती आणि ती जायला तयार नव्हती.

“डॉक्टरीण काय म्हणाली?”

“म्हणाली, सालीतल्या द्रव्यानं काचेच्या बशीत रोगाच्या पेशी मेल्या, हे खरं. म्हणजे बशी बरी झाली. माणसाचं अजून कुणालाच ठाऊक नाही.”

मुन्सिफला हसू फुटलं. ते त्याने गिळलं.

“मग तुम्ही समजवा की तिला.”

“मी अडाणी. ती शिक्क्याचं ऐकते.”

शादलिया पायरीवर बसली. तिच्या बोटांची टोकं काळपट पिवळी होती. हंगामात डाळिंबं सोलून गावातल्या सगळ्याच बायकांची होतात. दाणे बाजारात जात, साली छपरावर वाळत, आणि लोकर रंगवणारे त्या घेऊन जात. म्हणून बागेत कीटकनाशक फवारताना कुणी हात आखडत नसे. साल कोण खातं?

“या बाटल्या भरणाऱ्या कारखान्याला साली देतं तरी कोण?” मुन्सिफने टाइप करता करता विचारलं.

तिने पिवळी बोटं पदराला चोळली.

“गेल्या हंगामात एक नवा माणूस ट्रक घेऊन आला. रंगवाल्यांपेक्षा दुप्पट भाव दिला. मला वाटलं, हाही रंगवालाच, जरा मोठा.”

टाइपरायटर थांबला.

“मबरूकाला सांगितलंत?”

शादलियाने बाटली फिरवली. डाळिंबाचं चित्र भिंतीकडे गेलं.

“लिही. या बाटलीत शादलियाच्या छपरावरच्या, फवारलेल्या साली आहेत की नाहीत? शिक्का मारण्याआधी कुणी तपासल्या?”

“उत्तर तुमच्या पत्त्यावर?”

“नाही,” ती म्हणाली. “मबरूकाच्या. गुरुवारच्या आत द्या म्हणावं.”